पुढचे पंधरा गुंठे आणि सतराव्या मजल्यावरचं घर

ताई, नमस्कार.
बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूरच्या रस्त्याला लागून आमचं १ एकर १० गुंठे भाताचं रान आहे. वडिलार्जित. वडील १९९८ साली वारले, आई त्यानंतर. उताऱ्यावर मी एकटाच. दोन बहिणी आहेत, दिल्या घरी सुखी आहेत, त्यांनी कधी काही मागितलं नाही. मुलगा पुण्यात आयटीत आहे. हातात ९५ हजार येतात, घरभाडं २४ हजार जातं. मागच्या महिन्यात कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलात पुण्याच्या टाउनशिपवाल्यांनी कार्यक्रम ठेवला होता. ६० एकर, बारा टॉवर, शाळा, क्लबहाउस, तळं. सतराव्या मजल्यावरचा टू बीएचके ८६ लाखांना. प्री-लाँच म्हणून स्वस्त, महारेराचा (महाराष्ट्रातल्या गृहप्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर महिन्याभरात येतोय, ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरेल, आत्ता फक्त २ लाखांचा चेक द्या, असं म्हणतात. इकडे एका एजंटाने रस्त्याकडचे १५ गुंठे साडेतीन लाख गुंठ्याने मागितलेत, निम्मे चेकने, निम्मे रोख. मुलगा घाई करतोय. बायको म्हणते, पोरासाठी म्हणून घरात भात विकत आणायची वेळ आणू नका. चेक लिहून कपाटात ठेवलाय. काय करू?
— एक शेतकरी वाचक

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा एकाच शब्दाला अडखळले, आणि तो शब्द टॉवर नाही, ८६ लाखही नाही. ‘रस्त्याकडचे’.

एजंटाने पन्नासातले पंधराच गुंठे मागितले आणि तेही रस्त्याकडचे. मागचे पस्तीस तुमच्याकडे राहतात म्हणून तुम्हाला वाटतंय की थोडंच जातंय, बाकी रान शाबूत आहे. पण भाऊ, त्या पस्तीस गुंठ्यांना वाट कुठून? उद्या पुढे कंपाउंड पडलं की ट्रॅक्टर कुठून घालणार, मळणीचं मशीन कुठून नेणार? वाट नसलेल्या रानाला भाव नसतो आणि गिऱ्हाईक एकच असतं, ज्याने पुढचं घेतलंय तो. चार वर्षांनी तोच एजंट येऊन मागचं रान निम्म्या दराने मागेल आणि तुम्ही द्याल. पंधरा गुंठ्यांच्या पैशात त्याने पन्नासचीच सोय केली आहे. साडेतीन लाखांचा दर ऐकून मला आनंद झाला नाही तो यासाठी.

शिवाय एका सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा तर आधी अकरा-ई स्केच लागतं. सर्व्हेअर येऊन मोजतो, पोटहिस्सा नकाशावर पडतो, त्यानंतरच नोंदणी. एजंट म्हणेल, ते मी करून घेतो. करू देऊ नका. मोजणी तुमच्या अर्जाने, तुमच्यासमोर व्हायला हवी. ताजा आरटीसी, म्हणजे जमिनीचा उतारा, काढा आणि नवव्या रकान्यातल्या तुमच्या नावावर न थांबता अकरावा रकाना वाचा. पीकेपीएसच्या, म्हणजे गावातल्या शेती पतसंस्थेच्या, पीककर्जाचा बोजा, कसल्या संपादनाची नोंद, काय असेल ते तिथे असतं. तुमच्या त्या भागात हलगा–मच्छे बायपासवरून शेतकरी किती वर्षं बांधावर आणि कोर्टात उभे आहेत हे मी सांगायला नको. आपला सर्व्हे नंबर कुठल्या आखणीत येतो का, हे गल्लीतल्या चर्चेवर सोडू नका, नोटिफिकेशन काढून बघा. एजंटाला घाई असते तेव्हा कधीकधी त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आता बहिणी. ‘त्यांनी कधी काही मागितलं नाही’ हे वाक्य मी बँकेच्या टेबलावर एकतीस वर्षं ऐकलं. मागितलं नाही म्हणजे सोडलं असं नाही. कर्नाटकाने मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा १९९४ साली दिला, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना. २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्याच आल्या. वडील त्याआधी वारले असतील तर काय, हा घोळ सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला. वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माने येतो. तुमचे वडील १९९८ ला गेले, त्यामुळे हा निकाल तुमच्या घराला थेट लागतो. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी केलेलं वाटणीपत्र तुमच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी, पण पत्रावरून तसं दिसत नाही.

उताऱ्यावर तुमचं नाव एकट्याचं आहे ते तुम्ही घरातले थोरले आणि कर्ते म्हणून लागलं. मालकी त्याने ठरत नाही. बाँड रायटर सांगेल की बहिणींकडून एक हक्कसोड घ्या, किरकोळ खर्चाचं काम आहे. असेल. पण हक्कसोड ही सही नसते, तो व्यवहार असतो. काय सोडताय, त्याची किंमत काय, हे त्यांना कळायला हवं. साडेबावन्न लाखांचे तीन समान वाटे धरले तर एकेकाचे साडेसतरा लाख होतात. धाकटीच्या घरी कुणाच्या शिक्षणाचं कर्ज चालू आहे का, हे तुम्ही तिला शेवटचं कधी विचारलंत?

मी भांडण लावत नाहीये. लावायचं असतं तर सही न घेता विका म्हटलं असतं, मग पाच वर्षांनी कुणी भाचा दावा घालतो आणि विकत घेणारा तुमच्या दारात येतो.

रोख रकमेचं थोडक्यात सांगते, कारण त्यात बोलण्यासारखं काही नाही. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला. शिवाय निम्मे रोख म्हणजे सव्वासव्वीस लाख. ते फ्लॅटला लावता येत नाहीत, बँकेत भरता येत नाहीत, गादीखाली ठेवून झोप येत नाही. कर वाचेल असं एजंट म्हणाला असेल. शेतजमिनीला करच नाही, असंही म्हणाला असेल. ते खेड्यातल्या जमिनीला. बेळगावसारख्या, लोकसंख्या एक ते दहा लाखांच्या मधल्या शहरात महापालिका हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकली की भांडवली नफ्याचा कर लागतो. तुमचं रान त्यात येणार. दर साडेबारा टक्के. तुमच्यासारख्या जुन्या जमिनीला महागाईचा हिशेब धरून २० टक्क्यांचा पर्यायही आहे, आणि खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. दोन्हींपैकी काय परवडतं ते सीएकडून काढून घ्या. नफा घरात गुंतवला तर सूट मिळते, पण विकणारा तुम्ही आणि घर मुलगा-सुनेच्या नावाने, असं झालं की आयकरवाले प्रश्न विचारतात. हॉटेलातल्या कार्यक्रमात हे कुणी सांगितलं नसेल.

आता तो सतरावा मजला.

साठ एकर, बारा टॉवर असं ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तयार गाव येतं. प्रत्यक्षात कागदावर तसं गाव नसतं. एवढा मोठा प्रकल्प टप्प्याटप्प्याने होतो आणि रेरात प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी होते. म्हणजे तुमचा करार दीड-दोन एकरांवरच्या एका टॉवरशी असतो, ताब्याची तारीख त्या टॉवरची असते. क्लबहाउस, शाळा आणि तळं बहुतेक वेळा पुढच्या कुठल्या तरी टप्प्यात असतात आणि त्यांची तारीख वेगळी. कधी त्या टप्प्याची नोंदणीच झालेली नसते. मुलगा राहायला जाईल तेव्हा खिडकीतून तळं न दिसता पुढच्या टॉवरची क्रेन दिसेल, आणि रात्री काँक्रीटच्या गाड्यांचे आवाज येतील. हे दहा-दहा वर्षं चालतं. पुण्यात भाड्याने राहणारी आपली कितीतरी मुलं सांगतील.

दुसरं म्हणजे ती साठ एकर बिल्डरच्या मालकीची असेलच असं नाही. मोठ्या शहरात बऱ्याच जमिनी विकसन करारावर असतात. मूळ मालक गावकरीच, बिल्डर त्यांना विक्रीतला वाटा किंवा फ्लॅट देणार असतो. त्या मालकांच्या घरातही बहिणी असतात, भाऊ. तिथेही कुणी सही केलेली नसते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडलं की जमिनीचा हक्क, बोजे, कोर्टातले दावे, मंजूर नकाशे, किती फ्लॅट विकले, आधी दिलेली तारीख आणि वाढवलेली तारीख, हे सगळं दिसतं. पैसे लागत नाहीत. मुलगा आयटीत आहे, एका संध्याकाळचं काम आहे.

पण तुमच्या प्रकल्पाचं पान उघडणारच नाही, कारण नंबरच आलेला नाही. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही, विकायचं आमंत्रणही देता येत नाही. महाराष्ट्रात २०२३ च्या ऑगस्टपासून जाहिरातीवर क्यूआर कोडसुद्धा छापावा लागतो. तो २ लाखांचा चेक ‘ईओआय’, म्हणजे घर घेण्यात रस असल्याची नोंद, म्हणून मागितला असेल. नाव काही द्या, नोंदणीआधी घेतलेला पैसा तो पैसाच. जो माणूस कायद्याची पहिलीच पायरी चुकवून बेळगावात हॉटेल बुक करतो, तो पुढच्या पायऱ्या कशा चढेल याचा अंदाज तुम्ही बांधा. नोंदणी झाल्यावरही, विक्रीचा करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

‘ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरेल’ या वाक्याची मला जुनी भीती आहे. कर्ज तुमच्या मुलाच्या नावावर असतं. पैसे बँकेतून बिल्डरकडे जातात. बिल्डर काही महिने हप्ते भरतो. त्याची तंगी झाली की थांबतो आणि बँक मुलाला फोन करते, कारण सही मुलाची आहे. या योजनांमधून एवढी माणसं अडकली की रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं, बांधकाम होईल तसेच पैसे सोडा. २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहकर्ज कंपन्यांना अशा योजना टाळायला सांगितलं. आजही कुणी तेच वाक्य बेळगावात येऊन म्हणत असेल तर त्याला वाटतंय की इथे कुणाला माहीत नाही.

माझी गोष्टही सांगून टाकते. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बसणारी मी, आणि २०११ मध्ये लेकीसाठी पुण्यात बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. ताबा २०१४ ला म्हणाले, किल्ली २०१८ ला मिळाली. बिल्डरचं नाव लिहीत नाही. आमच्या टॉवरचे पैसे घेऊन त्यांनी शेजारी दुसरा सुरू केला, दुसऱ्याच्या पैशांत तिसऱ्याची जमीन घेतली. गिऱ्हाईक म्हणजे बिनव्याजी सावकार. चार वर्षं लेक भाडंही भरत होती आणि व्याजही. त्या काळी मी गिऱ्हाइकांना बिनधास्त सांगायचे की आमच्या बँकेने प्रकल्प मंजूर केलाय म्हणजे कागद ठीक आहेत. बँक कागद बघते ते आपलं कर्ज वसूल होईल का यासाठी. तुमच्या पोराला वेळेवर घर मिळेल का, हा प्रश्न त्या फाइलमध्ये कुठेच नसतो. हे मला स्वतःच्या खिशातून शिकावं लागलं.

रेरानंतर बदल झाला, हे मान्य करायला हवं. आता गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांवरच खर्चावे लागतात, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीएच्या दाखल्याशिवाय काढता येत नाहीत. उशीर झाला तर व्याज मिळतं, किंवा पैसे परत मागता येतात. बांधकामात दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षं दुरुस्ती बिल्डरच्या माथी. पण आदेश हातात येणं आणि पैसे हातात येणं, यात बरंच अंतर आहे. वसुली कलेक्टर कचेरीमार्फत होते, आणि बेळगावहून पुण्याला रात्रीच्या बसने किती वेळा जाणार?

आणि बाग दाखवली म्हणून बाग होतेच असंही नाही. नोएडातल्या सुपरटेकच्या जुळ्या टॉवरांचं तेच झालं. आधीच्या आराखड्यात बाग होती, तिथे टॉवर उभे राहिले. अलाहाबाद हायकोर्टाने २०१४ ला पाडा म्हटलं, सुप्रीम कोर्टात तो निकाल कायम व्हायला २०२१ उजाडलं आणि टॉवर पाडले २८ ऑगस्ट २०२२ ला. रहिवासी जिंकले. पण पोरांचं बागेत खेळायचं वय निघून गेलं. पुण्याजवळचं लवासा तर तुम्ही ऐकलंच असेल. वरसगाव धरणाच्या कडेला डोंगरात अख्खं शहर होणार होतं. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली. पैसे भरलेले लोक तिथे रांगेत.

मुलगा म्हणेल, ताई सगळं वाईटच सांगतात. तर एक चांगलंही सांगते. हडपसरची मगरपट्टा सिटी. चारशेहून जास्त एकर, शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबं. शहर अंगावर येतंय म्हटल्यावर त्यांनी तुकडे विकले नाहीत. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सगळ्यांनी जमिनी एकत्र केल्या, कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा ठरवला. टाउनशिप झाली ती त्यांचीच. मला टाउनशिप या गोष्टीचा राग नाही. जमीनवाला बाहेर फेकला जातो, याचा आहे. तुमच्या शिवारात असं काही होईल का, ते मी सांगू शकत नाही, शेजारच्या बांधाशी बोलणं असेल तर बोलून बघा.

आता मुलाचा हिशेब, रुपयांत. ८६ लाखांच्या घराला पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाखांवर. घर बाईच्या नावाने असेल तर एक टक्का कमी. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असल्याने जीएसटी ५ टक्के, ४ लाख ३० हजार. झाले साडेशहाण्णव लाख. पार्किंग, क्लबची फी आणि देखभालीची आगाऊ रक्कम वेगळी. बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ६८ लाख ८० हजार देईल. साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर हप्ता ६० हजारांच्या आसपास. काम संपत आलं आणि ताबा लांबला की ६० हजार हप्ता आणि २४ हजार भाडं एकाच वेळी. ९५ हजारांतले उरले ११. त्यात पुण्यात दोन माणसं जेवणार, आणि नोकरी आयटीतली.

उरलेले जवळजवळ २८ लाख तुम्ही जमीन विकून देणार. बहिणींचा वाटा दिल्यावर तुमच्याकडे साडेसतरा राहतात, तेही कर जाण्याआधी. म्हणजे पुढचे पंधरा गुंठे जाऊनसुद्धा हे घर होत नाही. मग मागचे पस्तीस निघतील. एजंटाचं गणित पक्कं आहे, तुमचं नाही.

माझं मत विचारलंत, ते असं. हा फ्लॅट नको, प्री-लाँच तर नकोच. पोराला घर नको असं मी म्हणत नाही. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला तिकडे ओसी म्हणतात, ते मिळालेलं तयार घर बघायला सांगा. जुन्या, लहान सोसायटीतलं असलं तरी चालेल. बांधून झालेल्या घराला जीएसटी नाही, आणि राहायला गेल्या दिवशी भाडं बंद. ६० लाखांचं घर धरलं तर ४८ लाखांचं कर्ज, हप्ता ४२ हजारांच्या आत, पदरचे १६-१७ लाख. त्यातले मुलाकडे किती साठलेत हे पत्रात नाही. विचारा त्याला, तो सांगायला लाजत असेल. तुम्ही हातभार लावायचा तर ठेव मोडून, सोसायटीतले शेअर काढून लावा. रानाला शेवटी हात घाला, आणि घालायचाच असेल तर पुढच्या तोंडाला नाही. वाट राखून, मोजणी करून, तिघांच्या सह्यांनी.

घर बघायला त्याला एप्रिल-मेमध्ये पाठवा. पुण्याच्या पश्चिमेला टॉवर किती उंच आहे यापेक्षा सकाळी सात ते नऊ गेटमधून पाण्याचे किती टँकर आत जातात ते मोजू दे. वॉचमनशी बोलू दे, सेल्सच्या मुलीशी नको. हे विनोदाने म्हणत नाहीये, टँकरचं बिल देखभालीत येतं आणि ते दर उन्हाळ्यात वाढतं.

वहिनींचं भाताचं बोलणं तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंत, जरा बाजूला सारल्यासारखं. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातला बासमती शिजताना चार घरांना वास जातो, तो किलोच्या भावाने पुण्यात मिळतो का हे त्यांना विचारायचं नाहीये. त्यांना विचारायचंय की पोरगं तिकडे, जमीन गेली, मग आपण दोघं इथे काय करायचं. हे घरी बसून बोला. त्याला माझी गरज नाही.

चेक फाडून टाका. कपाटातला चेक माणसाला रात्री दोनदा उठवतो. एजंटाला सांगा की बहिणींशी बोलल्याशिवाय दर बोलणार नाही. त्यावर तो किती गोड बोलतो ते बघा. थोरलीकडे आधी जा, फोनवर नको. आणि पुढचं पत्र लिहाल तेव्हा आरटीसीची ताजी झेरॉक्स जोडा, आणि मागच्या कागदावर रान पेन्सिलने काढून वाट आत्ता कुठून आहे तेवढं दाखवा.